दादा, आपला वाण अलग

“रिपोर्ट खोटा हाय! एका मायच्या पोटचे आमी, अन् एकबी जुळत न्हाई म्हन्ता?”

दादा, तू असा ओरडलास आणि नागपूरच्या त्या दवाखान्याचा चौथा मजला हलला. वाढवून सांगत नाही. खिडकीबाहेरची कबुतरं उडाली ती थेट वर्ध्याला जाऊन बसली म्हणतात. कुणी बटण दाबलेलं नसताना लिफ्टवाला वर आला. तुझ्या अंगात तेव्हा स्वतःचं रक्त जवळजवळ उरलं नव्हतं. आदल्या दिवशी परक्या रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या होत्या. ते रक्त ज्या कुणाचं होतं, तो माणूसही घरी बसल्या बसल्या दचकला असणार.

मी मागून तुझा शर्ट ओढत होतो, खाली बस, पडशील म्हणत होतो. समोर डॉक्टरीणबाई, वयानं आपल्या लेकीएवढ्या, हातात कागद घेऊन शांत उभ्या. त्यांना वाटलं, भावाच्या हाडांतला मगज मिळणार नाही म्हणून हा माणूस चिडलाय. तू कशानं पेटलास ते मला बराबर ठाऊक होतं. मरणाचं तुला काही नव्हतं. सख्खे भाऊ जुळत नाहीत असं कुणीतरी कागदावर लिहून दिलं होतं आणि त्याचा तू सरळ गावठी अर्थ लावला होतास. मायवर शिंतोडा. माय जाऊन वीस वर्षं झाली, तरी तिच्या बाजूनं भांडायला तू तसल्या अंगानं उभा राहिलास.

आज तुला जाऊन सोळा दिवस झाले. गाव म्हणतं, गंगाधर आतून खचलाय, दाखवत नाही. खचलोय खरा, पण अर्धाच. उरलेला अर्धा हलका झालाय, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तसं तुला काही सांगितल्याशिवाय मी कधी राहिलोय म्हणा. एक गोष्ट सोडून.

त्या एका गोष्टीपायीच मी नागपूरला एवढा पुढं पुढं करत होतो. तुझ्या हाडांतल्या मगजानं रक्त करायचं सोडलं होतं. दुसऱ्याचा मगज बसवता येईल, सख्ख्या भावाचा जुळला तर फारच चांगलं, असं बाई म्हणाल्या आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत मी दोन्ही बाह्या वर सरकवल्या. त्या हसल्या. आधी फक्त गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आहे, तोंड उघडा म्हणाल्या. तोंड उघडायला मला आयुष्यात कधी अडचण आलेली नाही. एवढं उघडलं की बाईंना माझं दुपारचं जेवण दिसलं असेल. मनात एकच होतं. ह्या वेळी जे काही माझ्या अंगात आहे ते दादाला. सगळं. पहिला घोट त्याचा.

घोट म्हटलं की ती गोष्ट आलीच.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत डोंगरकड्याच्या लग्नात आपण गेलो होतो. जाऊ नये म्हणत होते सगळे, आपण गेलो. पत्रावळी कमी पडल्या म्हणून एकाच पत्रावळीवर दोघं जेवलो, एकाच तांब्यानं पाणी प्यालो. आठ दिवसांत दोघांची तपासणी झाली आणि दोघांनाही लागण निघाली. तू कोण? सोयाबीनचं पोतं एका हातानं ट्रॉलीत फेकणारा मारोती. तुझ्या पाठीवर बैल टेकून उभा राहायचा. मी कोण? नरसीच्या रस्त्यावर नारळ-फुटाणे विकणारा काटकुळा. वारा सुटला की गिऱ्हाईक मला धरून ठेवायचं. कुणीही पैज लावली असती की हा आजार मला नेणार.

झालं उलटं. तुला हिंगोलीच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. मला शिंक आली नाही. तोंडाची चव गेली नाही. घरात कोंडून ठेवलेल्या त्या दिवसांत माझं वजन वाढलं, दादा. दोन किलो. सांगायला लाज वाटते म्हणून कमी करून सांगतो.

लोक विचारायला लागले. लांबून, तोंडाला गमछा बांधून. गंगाधरराव, तुमाला काहून काही झालं न्हाई? ह्याचं खरं उत्तर होतं, मला ठाऊक नाही. पण “मला ठाऊक नाही” हे माझ्या तोंडून ह्या पंचक्रोशीत कुणी ऐकलंय? मी म्हणालो, काढा. एका फिरत्या साधूनं सांगितलेला. बस. सेनगावहून जीपा यायला लागल्या. पार नरसीच्या कमानीपर्यंत रांग, असं मी नंतर सांगायचो. खऱ्या जीपा तीन होत्या. एकाला गुळवेल आणि चिंचोका सांगितला, दुसऱ्याला तुळस आणि जुना गूळ. एका मास्तरांना तर काढा उकळताना उत्तरेकडं तोंड करून एका पायावर उभं केलं. कुणाचं वाईट होईल असं त्यात काही घातलं नाही, तेवढी अक्कल ठेवली. आणि खरं सांगू का? तू तिकडं नळ्या लावून पडलेला असताना मला काहीतरी बोलत राहणं भाग होतं. गप्प बसलो की तुझा श्वास ऐकू यायचा, वीस किलोमीटरवरून.

तू परत आलास तेव्हा अर्धा राहिला होतास. तिसऱ्या दिवशी मी आलो. तू ओसरीत बाजेवर पडलेला, वहिनी शेजारी सुपात तूर निवडत होत्या, आणि माझ्या मागंमाग गावातले दोघं आलेले, काढ्याची कृती विचारायला. तू माझ्याकडं पाहिलंस आणि सावकाश, दर दोन शब्दांना दम घेत बोललास.

“गंग्या, तुह्याकडं काढा व्हता म्हने. मला काहून न्हाई दिला?”

तिथं खरं बोलायचं होतं. दादा, काढा-बिढा काही नव्हता, मी थापा मारून राहिलो होतो, एवढंच. पण मागं ते दोघं उभे. आठ दिवस मी त्यांच्या लेखी धन्वंतरी होतो. जिभेनं माझी वाट पाहिली नाही.

“एकच गिलास व्हता, दादा.”

तू “बरं” म्हणालास आणि भिंतीकडं कूस वळवलीस.

एका थापेत मी स्वतःला चोर करून घेतलं. नसलेला काढा, नसलेला ग्लास, आणि तो मी एकट्यानं प्यालो, सख्खा भाऊ मरणाच्या दारात असताना. इतकी वाईट गोष्ट मी दुसऱ्या कुणाबद्दलही रचली नसती. नंतर किती वर्षं तू तो विषय काढला नाहीस. विसरलास म्हणावं तर तिसरीत असताना मी तुझी पाटी फोडली होती ते तू माझ्या लेकाच्या लग्नात पाहुण्यांना सांगितलंस. म्हणजे विसरला नव्हतास. गिळलं होतंस. मला तर तू पाण्याचा ग्लास पुढं केलास तरी घाम फुटायचा. दुकानात काढा विचारायला कुणी आलं की मी त्याला जबरदस्तीनं नारळ विकून वाटेला लावायचो.

म्हणून दादा, त्या दिवशी नागपूरला तू मायसाठी ओरडत होतास आणि मी तुझ्यामागं उभा राहून आतल्या आत ओरडत होतो. आता एवढं तरी द्यायचं होतं, आणि माझ्या अंगात तुझ्यासाठी काही निघालं नाही.

बाईंनी तुला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि आधी मायचं नाव साफ केलं. ह्या तपासणीचा आणि बाप कोण ह्याचा काही संबंध लावू नका म्हणाल्या. मगज ज्या जनुकांवरून जुळवतात त्यांचे प्रत्येकाकडं दोन संच असतात, एक आईकडून आलेला, एक वडलांकडून. आईबाप आपापल्या दोनांतला एकेकच संच लेकराला देतात. कोणता, ते कुणाच्या हातात नसतं. चार भावंडांत एखादं पूर्ण जुळावं, दोन अर्धी जुळावीत आणि एखादं अजिबात जुळू नये, असा हा साधारण हिशेब. तुम्हाला आईचा एक गेला, ह्यांना दुसरा. वडलांचंही तसंच. दोघंही त्यांचेच, नुसते वाटे वेगळे.

मग तुझा आवाज एकदम बांधावरचा झाला.

“म्हंजे वान अलग हाय आमचा.”

बाईंना कळेना. तू त्यांना समजावून सांगायला लागलास आणि मला वाटलं, आता हा इथंच पेरणी करतो. बियाणं कमी पडलं म्हणून एका साली तू एकाच वावरात सोयाबीनचे दोन वाण पेरले होतेस, अर्ध्यात एक, अर्ध्यात दुसरा. जमीन एक, पाणी एक, खत एक, रोग पसरवणारी पांढरी माशीसुद्धा एकच. पिवळ्या मोझॅकचा रोग आला तेव्हा अर्धं वावर हळदीसारखं पिवळं आणि अर्धं हिरवंगार. मधली रेघ अशी सरळ की तलाठ्यानं मोजणीला घ्यावी. लोक म्हणाले होते, मारोतीनं अर्ध्याच वावरात काळजी घेतली. तू म्हणाला होतास, मी काही केलं न्हाई, वान तसा हाय. हे सगळं तू बाईंना सांगितलंस, आणि बाई खुर्ची पुढं ओढून ऐकत बसल्या. ज्याला मगज दाखवायला आणलं होतं तोच तिथं शिकवून राहिला होता.

तेव्हा मला संधी दिसली. मी लबाड माणूस, प्रश्न असा विचारला की जणू आत्ताच सुचला. म्हटलं, म्याडम, कोरोनात आमचा दादा मरता मरता वाचला आणि मला काहीच झालं नाही, तेही ह्याच्यामुळंच का?

बाई म्हणाल्या, असू शकतं. विषाणू पेशीत घुसला की पेशी त्याचे तुकडे करते आणि बाहेरच्या अंगाला चिमट्यात धरून दाखवते. शरीराचे शिपाई ते तुकडे पाहून शत्रू ओळखतात. मगज जुळतो का पाहताना आम्ही हेच चिमटे जुळवून पाहतो. ते माणसामाणसांत वेगळ्या घडणीचे असतात. एखाद्याच्या चिमट्यात ह्या विषाणूचा तुकडा घट्ट बसतो, त्याचे शिपाई पहिल्याच दिवशी धावतात आणि त्याला कळतही नाही की घरात चोर येऊन गेला. दुसऱ्याच्या चिमट्यातून तुकडा निसटतो, तोवर चोर माजघरात. शिवाय धोक्याची घंटा वाजवणारी जनुकं वेगळीच. कुणाची घंटा उशिरा वाजते, आणि मग शिपाई असे उधळतात की चोराबरोबर घरही मोडतात. पण हे एकच कारण असं छातीठोक नाही सांगता येत, असंही त्या दोनदा म्हणाल्या. वय असतं, साखर असते, विषाणू किती अंगात गेला ते असतं. तुमच्या दोघांचं नेमकं काय झालं ते मी हा कागद पाहून सांगू शकत नाही, काका.

मला नेमकं नकोच होतं. “असू शकतं” एवढ्यानं माझ्या छातीवरचं उखळ उचललं गेलं.

आणि तू काय बोललास? तू माझ्याकडं वळून म्हणालास की चिकुनगुनियाच्या साली मात्र ह्या वाणाची पार माती झाली होती. खरंच की. तेव्हा मी तीन महिने खेकड्यासारखा चाललो, फुटाण्याची पुडी बांधायला बोटं वळत नव्हती. त्याच घरातले डास तुला चावले, तुला काही नाही, डासच मेले असं मी सांगायचो. बाई म्हणाल्या, असंही होतं, एका विषाणूला भारी पडणारी घडण दुसऱ्यापुढं लंगडी पडते. तू मान डोलावलीस. पिवळ्यात टिकलेलं तांबेऱ्यात जातंच, म्हणालास, सगळ्या रोगाला पुरून उरंल असा वान कोन्या दुकानात न्हाई. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. शप्पथ.

परतीच्या गाडीत तू मागच्या सीटवर आडवा, डोकं माझ्या मांडीवर. पुसदच्या अलीकडं मी सगळं बळ गोळा केलं आणि म्हणालो, दादा, त्या काढ्याचं असंय की... तू डोळे न उघडता म्हणालास, “वान अलग म्हनल्यावर काढ्याचं काय. झोपू दे.” आणि घोरायला लागलास. ड्रायव्हरला वाटलं टायर घासतंय.

म्हणजे मी सुटलो, पण अर्धाच. माझ्या काढ्यानं तुझा आजार टळला असता हे तुझ्या मनातून गेलं, हे कळलं. पण काढा होता आणि तो मी एकट्यानं प्यालो, हे तसंच राहिलं. आजार माझ्यामुळं नव्हता, थाप मात्र माझीच होती.

तुला खरं सांगायला मला त्यानंतर आठ महिने मिळाले. बाहेरचा मगज शोधला, तो जुळला नाही. इंजेक्शनं लागू पडली, कधी पडली नाहीत. मी रोज संध्याकाळी यायचो, खरं सांगायचं ठरवून यायचो, आणि ओसरीत पाय ठेवला की दुसरंच बोलायचो. नारळात दोन कोंब निघाले तर माझ्या तोंडून पाच निघायचे. तू पोट धरून हसायचास आणि म्हणायचास, “हसवू नको रे, हिरड्यातून रगत येते.” ते लाल झालेले दात मला अजून दिसतात. मी थांबायचो. तू म्हणायचास, थांबला काहून, पुढं सांग. आपला तो जुना वादही तेव्हा पुन्हा निघाला, मायचं नाक कुणाला आलं ह्याचा. तू म्हणालास, वाटण्याच वेगळ्या झाल्यात, त्यात नाक मला आलं. मी म्हणालो, मग तोंड मला आलं. माय तर साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची. तो वाद मिटला नाही. आता मी एकटा काय मिटवणार, नाक घे तू.

ताप आला आणि तीन दिवसांत तू गेलास. घरी, दुपारी, वहिनींच्या हातची पेज दोन घोट घेऊन. नळ्या नव्हत्या, मशीन नव्हतं. ते एक बरं झालं. तुझा श्वास ह्या वेळी मला शेवटपर्यंत जवळून ऐकू आला आणि त्यात धाप नव्हती. लोकांनी मला रडताना पाहिलं, ते खरं रडणं होतं. पण त्यात तुझी तकलीफ संपल्याचं रडणंही होतं, ते कुणाला वेगळं काढून दाखवता आलं नाही.

तेराव्याला पंगत उठली, पाहुणे पांगले. वहिनी उरलेल्या बुंदीवर फडकं बांधत होत्या. मी त्यांच्यासमोर पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. जीपा तीन होत्या हेसुद्धा. साधू नव्हता, काढा नव्हता, ग्लास नव्हता. मी म्हणालो, वहिनी, दादा गेला तो मला चोर समजून गेला. माझ्या जन्मातली ही पहिली गोष्ट असेल, जिच्यात मी मीठ सोडाच, फोडणीही घातली नव्हती.

वहिनींनी गाठ मारली, दाताखाली धरून आवळली, मग बोलल्या.

“ठाऊक व्हतं त्यायला. तुमाला साधा च्या उकळता येत न्हाई भावजी, काढा कोन केला असता? त्याच दिवशी म्हनले व्हते ते.”

तोंड उघडं राहिलं आणि आत शब्द नव्हता, असं प्रथमच झालं. शेवटी कसंबसं म्हणालो, मग ठाऊक होतं तर मला विचारलं काहून त्यानं?

“पडून पडून कटाळा आला व्हता त्यायला,” वहिनी म्हणाल्या.